भोंग्यावर न सांगितलेली गोष्ट

पहिल्या भेटीत मी उमेदवाराला एकच प्रश्न विचारत असे. "गावात तुमचा अबोला कुणाशी हाय?"

बहुतेक जण छाती पुढं काढून सांगायचे, "छ्या! आपलं कुणाशीच वाकडं न्हाय." अशा माणसाला मी म्हणायचो, घरी जाऊन मालकिणीला विचारून या. दुसऱ्या दिवशी तो खाली मान घालून चार नावं घेऊन यायचा. मग मी सांगायचो, प्रचाराचा नारळ फोडायच्या आधी या चार घरी जाऊन या. मत मिळो, न मिळो. निवडणूक उरकते, पण राहायचं त्याच गावात असतं.

माझा धंदा खरं तर स्पीकरचा. बारामतीहून इंदापूरला जाताना पिंपळीच्या पुढं रस्त्याकडेला माझं दुकान. आता मुलगा बघतो. लग्न, जावळ, सप्ताह, यात्रा, कुठं भाषण, कुठं भजन. माईक आणि भोंगे आमचे. निवडणूक लागली की जीपच्या टपावर दोन भोंगे बांधायचे, मागं बॅटरी ठेवायची आणि गावोगाव फिरायचं. एकदा एका पॅनेलच्या बोलणाऱ्या माणसाचा घसा बसला म्हणून मी माईक हातात घेतला. लोकांना आवाज आवडला. मग "आप्पा, दोन ओळी जुळवून द्या", मग "आप्पा, सभेत काय बोलू?", मग "आप्पा, तुमी निस्ते संगट ऱ्हावा". असं होत होत बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या ग्रामपंचायती, सोसायट्या आणि एखाददुसरी पंचायत समिती माझ्या हातून लढल्या गेल्या. त्याच्या वर मी कधी गेलो नाही. वरच्या निवडणुका टीव्हीवर होतात, गावातली उंबऱ्यावर होते. मला उंबराच कळतो.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. गावातले लोक जमून पॅनेल करतात आणि चिन्ह निवडणूक अधिकारी देतो. त्यात निवड आपल्या हातात फारशी नसते. कोऱ्हाळे बुद्रुककडच्या एका उमेदवाराला कपबशी मिळाली होती. हा माणूस जन्मात चहा प्यायला नव्हता. पण ज्या घरी जाईल तिथं बाया हसत कप पुढं करायच्या, "तुमचीच निशाणी हाय, घ्या की!" नको म्हणावं तर मत जातं. मतदानापर्यंत त्याची छाती जळून कोळसा झाली. निवडून आला, आणि चहाचं व्यसन मात्र कायमचं लागलं. अजून रस्त्यात भेटला की म्हणतो, "आप्पा, तुमच्या पायी झालं समदं."

दुसरे एक निवृत्त हेडमास्तर. लोकांनी प्रश्न विचारला की उत्तर देण्याऐवजी म्हणायचे, "प्रश्न चांगला आहे. बस खाली." लोक बसायचे, कारण अर्धं गाव त्यांच्याच हाताखाली शिकलेलं. मत देताना मात्र सगळ्यांना छडी आठवली.

सल्ले साधे असत. दारात चप्पल काढायची. म्हातारं माणूस बाजेवर असेल तर आपण खाली बसायचं. धार काढत बसलेल्या बाईला हाक मारायची नाही; म्हैस बुजते, पान्हा चोरते आणि ते मत गेलंच म्हणून समजायचं. एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांना सकाळी अडवायचं नाही. गाडीला किक मारलेला माणूस देवाचंही ऐकत नाही. ज्याचा ऊस अजून फडात उभा आहे त्याच्यापुढं कारखान्याचं नाव काढायचं नाही. आणि समोरच्या उमेदवाराला नावं ठेवायची नाहीत, कारण तो ऐकणाऱ्याचा कुठून ना कुठून पाव्हणा निघतोच.

हे सगळं सांगून झाल्यावरही एखादा उमेदवार असा भेटतो की आपला सल्ला आपल्याच हातात राहतो. मंदाताई तशा होत्या.

गाव इंदापूर तालुक्यातलं, नीरेच्या अंगाचं. नाव लिहीत नाही, कारण आमचे स्पीकर अजून तिथं भाड्यानं जातात. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, तेही थेट लोकांनी निवडून द्यायचं. एका पॅनेलनं मंदाताईंना उभं केलं. बाई पेरू आणि भाजीपाला पिकवणारी. टेम्पो स्वतः भरून द्यायची, बाजारात स्वतः उभी राहायची. नवरा शांत माणूस. "तिला इच्यारा" एवढंच तो बोलायचा. पॅनेलचे पुढारी भाऊराव. त्यांनीच मला बोलावून घेतलं. चिन्ह मिळालं छत्री. ज्या गावात पाऊस वर्षातून चार दिवस हजेरी लावून जातो तिथं छत्री. भाऊरावांनी कपाळाला हात लावला. मंदाताई म्हणाल्या, "उनाला पण छत्रीच लागती की, भाऊराव." मला वाटलं, बाई चालणार.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. मंदाताईंनी घरी जाऊन नवऱ्याला विचारायला वेळ घेतला नाही. म्हणाल्या, "माझ्या सख्ख्या बहिणीशी."

दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या. थोरली हिराबाई कालव्यापलीकडच्या मळ्यात, धाकटी मंदा गावठाणात. हिराबाईंच्या मुलीच्या लग्नात मानपानाच्या साड्या वाटल्या, तेव्हा मंदाताईंना भावकीतल्या बायांसारखीच साडी आली. सख्ख्या मावशीची म्हणून वेगळी आली नाही. त्यांनी ती दुसऱ्याच्या हातानं परत पाठवली. तिथून बोलणं बंद. नातवंडं झाली, घरं बांधली गेली, दोघींनी एकमेकींचा उंबरा ओलांडला नव्हता.

आता अडचण अशी की मळ्यात हिराबाईंचा शब्द चालायचा. दूध घालायची डेअरी त्यांच्याच पडवीत. सकाळ-संध्याकाळ मळ्यातली प्रत्येक बाई किटली घेऊन तिथं रांगेत उभी. कुणाचं पोर आजारी, कुणाची सून माहेरी गेली, सगळं हिराबाईंना ठाऊक. भाऊराव म्हणाले, "आप्पा, मळा आला तर गुलाल आपला. न्हाय आला तर घरी बसायचं."

"जायला पायजे, ताई," मी म्हणालो.

"आक्का मला दारात उभी करायची न्हाय."

"न करू दे. आपण उभं ऱ्हायचं."

सकाळी दुधाच्या वेळेला आम्ही दोघंच गेलो. मी मुद्दाम कार्यकर्ते घेतले नाहीत, गळ्यात उपरणं नाही, हातात पत्रक नाही. हिराबाई मापं घेत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, बहिणीला ओळखलं आणि परत मान खाली घातली.

"दूध घालायचंय का? न्हाय तर बाजूला व्हा. मागं रांग हाय."

मंदाताई बाजूला झाल्या, पण गेल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. शेवटची किटली रिकामी होईपर्यंत उभ्या होत्या. मग हिराबाई उठल्या, हात धुतले आणि पदराला पुसत म्हणाल्या, "इतकी वर्सं वाट घावली न्हाय. आता मत पायजे म्हणून घावली व्हय?"

अशा वेळी उमेदवारानं काय बोलायचं हे मी अनेकांना शिकवलेलं आहे. "मत राहू दे, आधी नातं" असं काहीतरी. मी मंदाताईंकडं पाहत होतो.

त्या म्हणाल्या, "व्हय."

हिराबाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

जीपमध्ये बसल्यावर मी म्हणालो, "ताई, काय केलंत हे?"

"खोटं कसं बोलू, आप्पा? मतासाठीच गेले की. तुमी न्यायला आला नसता तर मी कशाला गेली असते?" मग बाहेर बघत म्हणाल्या, "आक्का लई वाळली. तुमाला दिसलं का?"

पुढचे दिवस प्रचारात गेले. मंदाताई दारोदार फिरल्या. त्यांची एक पद्धत मी नंतर इतर उमेदवारांना सांगायला लागलो. "करून देते" असं त्या म्हणायच्याच नाहीत. एखाद्या बाईनं गटाराचं सांगितलं की म्हणायच्या, "चल, दाव." मग दोघी जाऊन गटार बघायच्या. आश्वासन शून्य, पण बघितलं हे त्या बाईच्या डोक्यात राहायचं. गावठाणात हवा फिरू लागली. भाऊराव खुश होते. मळ्यात मात्र आमची जीप गेली की बाया पाठ करून काम करत राहायच्या.

जाहीर प्रचाराचा शेवटचा दिवस उजाडला. या दिवसाचं महत्त्व सांगतो. शेवटच्या दिवशी गाव बघतं की कुणाच्या मागं किती माणसं आहेत. ज्याचं अजून ठरलेलं नसतं तो गर्दी बघून ठरवतो. म्हणून त्या दिवशीची फेरी जोरात काढायची आणि उमेदवार सगळ्यांत पुढं पायी चालायचा, हा नियम. आम्ही बायांना खऱ्या छत्र्या आणायला सांगितलं होतं. देवळापुढं रंगीबेरंगी छत्र्यांचा मळा फुलला होता. हलगीवाले आले होते. मी माईक तपासत होतो.

तेवढ्यात डेअरीवर दूध घालणारी मळ्यातली एक बाई धावत आली. हिराबाईंच्या मालकांच्या छातीत कळ आली होती. त्यांचा टेम्पो सकाळीच माल घेऊन गेलेला. घरात कुणाला काही सुचत नव्हतं.

मंदाताई गळ्यातला हार काढून नवऱ्याच्या हातात देत म्हणाल्या, "भाऊराव, तुमची गाडी काढा."

"ड्रायव्हरला धाडतो की. तुमी कशाला? समदं गाव जमलंय, ताई!"

"दाजी हायत माझं," एवढंच त्या म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. मी काचेपाशी गेलो. त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"आप्पा, दाजींचं आजारपण भोंग्यावर सांगायचं न्हाय. मी कुठं गेली ते पण न्हाय. आक्काला वाटल मी ह्याचं पण मत केलं."

गाडी धुरळा उडवत मळ्याकडं गेली. तिथून दाजींना आणि हिराबाईंना घेऊन बारामतीच्या दवाखान्यात. हिराबाईंचा मुलगा आणि सून मागून मोटारसायकलवर गेले.

आणि मी उमेदवाराशिवाय फेरी काढली. आयुष्यात एवढी अवघड फेरी दुसरी नाही. छत्र्या होत्या, हलगी होती, पुढची जागा रिकामी होती. चौकाचौकात माणसं विचारत होती, "उमेदवार कुठंय?" समोरच्या पॅनेलच्या भोंग्यावरून ओरडा सुरू झाला, "छत्री उडाली, उमेदवार पळाला!" त्या बोलणाऱ्याचा स्पीकरही माझ्याच दुकानातला होता. आवाज चांगला येत होता, हेही माझं दुर्दैव.

भाऊराव जीपच्या पायरीवर चढले. घामानं भिजले होते. "आप्पा, सांगा की. एक वाक्य बोला. अबोला असून भैनीच्या नवऱ्याला घेऊन गेली म्हणा. मळा आपला, गावठाण आपलं. बाया रडतील."

ते खरं बोलत होते. माझ्या हातात माईक होता. त्या एका वाक्याची ताकद या दोन तालुक्यांत माझ्याइतकी कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. शब्द तोंडात तयार होते, कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं. मी माईक सुरू केला.

"छत्रीसमोरचं बटण दाबा," मी म्हणालो. दिवसभर तेवढंच म्हणत राहिलो.

भाऊराव माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

प्रचाराची वेळ संपल्यावर भोंगे उतरवून मी बारामतीला गेलो. दाजींना आत ठेवलं होतं, धोका टळला असं डॉक्टर म्हणाले होते. बाहेर बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. बाकाच्या एका टोकाला हिराबाई, दुसऱ्या टोकाला मंदाताई, मध्ये कपड्यांची पिशवी. सकाळपासून अशाच बसलेल्या, असं हिराबाईंच्या मुलानं मला हळूच सांगितलं. बोलणं अजून नव्हतंच. हिराबाई मुलाला म्हणाल्या, "तुझ्या मावशीला म्हणावं, च्या घे. सकाळधरनं पोटात काय न्हाय." मंदाताई त्याच मुलाला म्हणाल्या, "तुझ्या आयला म्हणावं, तू घेतलास तर घेते." तो बिचारा चार हातांच्या अंतरावर बसलेल्या दोघींच्या मध्ये उभा राहून इकडचं तिकडं पोचवत होता. मी दोन चहा आणून पिशवीच्या दोन्ही बाजूंना ठेवले. दोघींनी घेतले.

मतदानाला मंदाताई गावात आल्या. हिराबाई, मुलगा आणि सून दवाखान्यातच राहिले. दाजींचं मत तर सोडाच, ती तीन मतंही पडली नाहीत. मळ्यातल्या बाया मात्र रांगेत मंदाताईंकडं बघून हसत होत्या. काहींनी हातही दाबला. गावठाणात वेगळीच हवा होती. दवाखान्याची बातमी तोवर पोचली होती, पण कुणीतरी तिला शेपूट जोडलं होतं, की सगळं नाटक आहे, मतासाठी केलंय. शेवटच्या दिवशी उमेदवार दिसला नाही याचा राग धरून बसलेलेही होते.

मोजणी इंदापूरला झाली. वीसएक मतांनी आम्ही पडलो.

कशानं पडलो हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. मळ्यानं भरभरून दिलं होतं, हे मशीनगणिक आकड्यांवरून दिसत होतं. गावठाणानं हात आखडला. मी ते एक वाक्य बोललो असतो तर? या प्रश्नाला माझ्यातला प्रचारवाला एक उत्तर देतो आणि मंदाताईंना ताई म्हणणारा मी दुसरं. दोघांचं अजून पटलेलं नाही.

पडलेल्या उमेदवाराला काय सांगायचं, हेही आमच्या कामात येतं. त्याला लगेच घरी न्यायचं नाही. घरी माणसं वाट बघत असतात, त्यांची तोंडं बघून तो खचतो. आधी कुठंतरी चहा प्यायचा, जिंकलेल्याला स्वतः जाऊन नमस्कार करायचा, मग गावात जायचं. मंदाताईंनी नमस्कार केला. समोरची बाई गुलालानं माखलेली. तिनं मंदाताईंना मिठी मारली आणि थोडा गुलाल ह्यांच्याही खांद्याला लागला. मग त्या जीपमध्ये बसल्या.

"गावाकडं ना, ताई?"

"बारामतीला घ्या. दाजींना बघून येऊ."

हिराबाई दवाखान्याच्या फाटकापाशीच उभ्या होत्या. खांद्यावरचा गुलाल बघून त्यांचा चेहरा उजळला. चार पावलं पुढं आल्या. त्या वेळी निरोप पोचवायला मध्ये कुणी नव्हतं.

"आलीस का निवडून, मंदे?"

"पडले, आक्का."

"मग ह्यो गुलाल?"

"तिचा लागला."

हिराबाईंनी पदराचं टोक ओलं केलं आणि बहिणीचा खांदा पुसायला लागल्या. गुलाल असा निघत नाही, पसरतो. तो पसरत गेला आणि त्या पुसत राहिल्या. "मी हितं अडकली ग. आमची तीन मतं तरी पडली असती. परत मत का न्हाय मागितलंस?"

"दाजींचं सोडून तुला मत मागू म्हणतीस?"

"न मागता दिलं असतं."

"ठावं हाय," मंदाताई म्हणाल्या, आणि निवडणुकीत पहिल्यांदाच त्या रडल्या. हिराबाईंनी त्यांना भर फाटकात जवळ घेतलं. आत जाणाऱ्या माणसांना वळसा घालून जावं लागत होतं. मी जीपची बॅटरी बघायचं निमित्त करून मागं गेलो.

दाजींना सोडलं त्या दिवशी हिराबाईंच्या मुलानं मलाच फोन केला. "आप्पा, तुमची जीप घेऊन या, दोघी म्हणत्यात." मी गेलो. दाजींना पुढं माझ्या शेजारी बसवलं, त्या दोघी मागं. बारामती सुटायच्या आत सुरू झालं. दाजींनी काय खायचं, काय नाही, याच्यावरून पहिलं भांडण. मग पेरूवर पडलेला रोग. मग कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या वास्तुशांतीला जेवण कमी पडलं, कोण वारलं, कोणाचं जमलं. इतक्या वर्षांतली एकेक गोष्ट दोघी पोत्यातून ओतल्यासारखी ओतत होत्या. एकीचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरी, "आगं ते तुला कुणी सांगितलं? खोटं हाय ते!" मध्येच हसणं, मध्येच नाक पुसणं.

दाजी माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "आप्पा, अबोला बरा व्हता म्हणायचा."

मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण मागून त्या दोघी एकदमच कशावर तरी बोलायला लागल्या, आणि थेट मळ्यात जीप थांबेपर्यंत, या दोन तालुक्यांत सगळ्यांत मोठा आवाज ज्याचा म्हणतात त्या माणसाला, एक शब्द बोलायला जागा मिळाली नाही.